उमेदवारीचे आठ आठवडे : मोठ्या कंपनीतील एका विद्यार्थिनीचा अनुभव



स्मरणिकेसाठी काही लिहावे असे मला सांगण्यात आले तेव्हा आपण काय लिहिणार, असा प्रश्न मला पडला. मी लेखिका नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली एक सामान्य मुलगी आहे. परंतु २०२४ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर, लोअर परळ येथील एका मोठ्या कंपनीच्या हिशेब विभागात मी आठ आठवडे इंटर्न म्हणून काम केले. अशा कचेरीत टेबलावर बसून काम करणारी आमच्या घरातील मी पहिलीच. तेथे काय शिकले, कोठे चुकले आणि कशामुळे चुकले हे प्रामाणिकपणे मांडले तर मागून येणाऱ्या भावंडांना उपयोग होईल, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण मला सांगायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही.

लेखाचे सार आरंभीच सांगते. मोठ्या कचेरीत आपली मुले बुद्धी कमी पडल्यामुळे मागे राहत नाहीत. समजले नाही ते वेळेवर विचारत नाहीत म्हणून मागे राहतात. आणि ही न विचारण्याची सवय जन्माने आलेली नसते. तिच्यामागे इतिहास आहे. म्हणून प्रथम थोडे मागे पाहू.

उमेदवारीचा जुना इतिहास

इंटर्नशिप हा शब्द आपल्याकडे अलीकडे रुळला. जुन्या मराठीत यालाच उमेदवारी म्हणत. छापखान्यात, वकिलाच्या कचेरीत, कारखान्यात मुलगा आधी उमेदवारी करी आणि काम अंगवळणी पडले की मग त्याचा पगार सुरू होई.

आपल्या गिरणगावात या गोष्टीचे रूप निराळे होते. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, लोअर परळ, शिवडी हा सारा भाग गिरण्यांनी भरून गेला. गिरणीत नवा आलेला माणूस बदली कामगार म्हणून सकाळी दरवाजाशी उभा राही. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याला काम मिळे, नाही तर तो घरी परते. त्याला आत घ्यायचे की नाही हे बऱ्याच अंशी जॉबर ठरवी. जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यातला माणूस पुढे करी. म्हणजे कामाची ओळख होण्यासाठी आधी माणसाची ओळख लागे.

ज्यांची अशी ओळख नव्हती त्यांचे काय झाले, हे आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. विणकाम खात्यात मजुरी अधिक होती. परंतु धोट्यातील कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, या सबबीवर अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना त्या खात्यात येऊ दिले जात नसे. हात तेच, मेहनत तीच. पण चांगल्या मजुरीचे काम शिकण्याची संधीच नाही. १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला.

स्वतः बाबासाहेबांचा कचेरीतील अनुभवही आपण विसरता कामा नये. कोलंबिया विद्यापीठ व लंडन येथे शिक्षण घेऊन ते १९१७ साली बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. तेथे अकाउंटंट जनरलच्या कचेरीत ते उमेदवार म्हणून काम पाहत होते. एवढ्या विद्वान माणसाला शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी पथिकाश्रमात आसरा घ्यावा लागला आणि काही दिवसांतच जमाव चालून आल्यामुळे तेथूनही बाहेर पडावे लागले. ही हकिकत त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात लिहून ठेवली आहे. पदवी हातात असली तरी कचेरीत टिकण्यासाठी आणखी काही आधार लागतो, हे यावरून दिसते.

आज काळ पुष्कळ बदलला आहे हे मान्य केले पाहिजे. माझी तुलना त्या काळाशी करण्याचा माझा मुळीच उद्देश नाही. पण आत शिरल्यावर ‘हे कोणाला विचारू?’ हा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.

प्रवेश कसा मिळाला

आम्ही नायगावला राहतो. माझे आजोबा लोअर परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यात त्यांचे काम गेले ते परत मिळाले नाही. पप्पा गेली पंचवीस वर्षे सुरक्षारक्षक आहेत. कचेरीचा दरवाजा त्यांना नीट माहीत आहे. आत काय चालते हे माहीत नाही.

कॉलेजच्या प्लेसमेंट विभागातून कंपनीकडे काही नावे गेली होती. त्यातून एक लेखी चाचणी व एक मुलाखत होऊन माझी निवड झाली. दरमहा आठ हजार रुपये स्टायपेंड ठरला. त्याच वेळी जवळच्या मॉलमधील एका दुकानात विक्रीचे काम चौदा हजारांवर मिळत होते. दोन महिन्यांत बारा हजारांचा फरक! धाकट्या भावाची अकरावीची फी भरायची होती. घरात दोन दिवस यावरच चर्चा झाली. शेवटी आईने आपल्या भिशीचा नंबर आधी मागून घेतला आणि म्हणाली, “दुकान पुढच्या वर्षीही असेल. तू आत जाऊन बघून ये.”

हे मी मुद्दाम लिहिते आहे. इंटर्नशिप करणे हा पुष्कळ घरांत केवळ आवडीचा प्रश्न नसतो, तो पैशाचा प्रश्न असतो. आमच्या तुकडीत आम्ही नऊ इंटर्न होतो. त्यांपैकी सहा जणांचे कोणी ना कोणी नातेवाईक अशाच मोठ्या कंपनीत नोकरीला होते. त्यांचे काही चुकले असे मी म्हणत नाही. परंतु कोणते कपडे घालावेत, पहिल्या दिवशी कोणाला भेटावे, ईमेल कशी लिहावी हे त्यांना घरी जेवताना कळले होते. मला ते तिथे जाऊन, चुकत चुकत शिकावे लागले.

कामाचे स्वरूप

रोज सकाळी परळवरून एल्फिन्स्टन पूल ओलांडून मी चालत जात असे. (हा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद करण्यात आला.) कंपनीची इमारत गिरणीच्या जुन्या आवारात आहे. पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्र घालून आत गेले, हे आजोबांना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “पगाराची पावती देतात का?”

माझी नेमणूक पुरवठादारांची बिले तपासणाऱ्या विभागात झाली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल म्हणून हे काम थोडक्यात सांगते.

मोठी कंपनी कोणतेही बिल आले की लगेच पैसे देत नाही. आधी तीन कागदांची जुळणी होते. पहिला कागद पर्चेस ऑर्डर, म्हणजे कंपनीने काय, किती व कोणत्या दराने मागवले. दुसरा, माल मिळाल्याची गोदामातील नोंद. तिसरा, पुरवठादाराचे बिल. तिन्हींवरील वस्तू, नग आणि रक्कम जुळली तरच बिल पुढे सरकते. शिवाय पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक तपासावा लागतो. हा क्रमांक पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचा २७), त्यापुढील दहा अक्षरे पॅन क्रमांकाची. दोन ठिकाणचा पॅन जुळला नाही तर कोठेतरी चूक आहे असे समजावे. कॉलेजात जमा-खर्चाच्या नोंदी आम्ही पुष्कळ सोडवल्या होत्या, पण ती नोंद होण्याआधी एवढे कागद हिंडतात हे पुस्तकात कळले नव्हते.

त्या उन्हाळ्यात विभागात एका विषयाची फार घाई होती. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ प्रमाणे लहान उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत, आणि करार असेल तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यावे लागतात. २०२३ च्या वित्त कायद्याने याला आयकराची जोड दिली. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष पैसे दिले जाईपर्यंत कंपनीला तो खर्च करासाठी वजा करता येत नाही, अशी ती तरतूद. १ एप्रिल २०२४ पासून ती लागू झाली होती. त्यामुळे कोणत्या लहान पुरवठादाराचे बिल किती दिवस थकले आहे, याची यादी तातडीने हवी होती. ती यादी करण्याचे काम माझ्याकडे आले.

माझी चूक

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी मला सांगितले की, “एजिंग करून गुरुवारपर्यंत दे.” मी मान हलवली. ‘एजिंग’ म्हणजे काय हे मला माहीत नव्हते. शेजारी बसणाऱ्या सरांना विचारावे असे चार वेळा मनात आले. परंतु वाटले, ते म्हणतील, एवढेही येत नाही तर हिला घेतले कशाला? कॉलेजचे नाव खराब होईल. पुढच्या वर्षी कॉलेजच्या मुलांना बोलावणार नाहीत. एक साधा शब्द विचारण्याआधी माझ्या मनाने एवढा मोठा हिशेब केला!

मी अंदाजाने काम केले. सुमारे दोनशे बिले होती. प्रत्येक बिलावरील तारखेपासून दिवस मोजले. वास्तविक मुदत बिलाच्या तारखेपासून मोजायची नसते. माल किंवा सेवा स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजायची असते. त्याहून मोठी चूक पुढे झाली. अकरा बिलांसमोर माल मिळाल्याची तारीखच नव्हती. ती कोठे बसवावी हे न कळल्यामुळे मी ती यादीतून काढून टाकली आणि कोणाला सांगितलेही नाही.

गुरुवारी बैठकीत मॅडमनी आवक नोंदीतील बिलांची संख्या आणि माझ्या यादीतील संख्या ताडून पाहिली. अकराचा फरक. त्यांनी विचारले, तेव्हा मला तेथेच रडू येईल असे वाटले. मी खरे ते सांगितले: एजिंग शब्द मला माहीत नव्हता, तारखा नव्हत्या म्हणून ती बिले काढली. त्या रागावल्या. परंतु शब्द माहीत नसल्याबद्दल त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “माहीत नसणं ही चूक नाही. तीन दिवस गप्प बसलीस ही चूक आहे. पहिल्या दिवशी विचारलं असतंस तर माझी दहा मिनिटं गेली असती. आता सगळ्यांचे तीन दिवस गेले.”

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. त्या रात्री जेवण गेले नाही. पप्पांना सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आम्हाला तर विचारलं की कटकट करतो असं म्हणतात. म्हणून आम्ही विचारत नाही.” मला वाटते, माझी सवय कोठून आली हे तेव्हा माझ्या लक्षात आले. ज्या नोकरीत प्रश्न विचारणाऱ्याला उद्धट ठरवतात, त्या नोकरीत आपल्या दोन-तीन पिढ्या गेल्या. गप्प राहणे हे त्यांचे शहाणपण होते. त्यांनी तसे केले म्हणून घर चालले. परंतु तेच शहाणपण हिशेब विभागात नेले तर ती चूक ठरते.

एका छापखान्याचे बिल

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ती अकरा बिले माझ्याचकडे दिली आणि प्रत्येकाच्या मुळाशी जायला सांगितले. त्यांत गिरगावातील एका गल्लीतील लहान छापखान्याचे बिल होते. त्यांनी मार्चमध्ये माहितीपत्रके छापून भिवंडीच्या गोदामात पोचवली होती. मालकांचे वय साठीच्या पुढे असावे. ते दर दोन दिवसांनी फोन करीत आणि त्यांना दर वेळी ‘प्रोसेसमध्ये आहे’ असे उत्तर मिळे. उत्तर देणारे खोटे बोलत नव्हते. संगणकावर त्यांना तेवढेच दिसत होते.

मी काकांना फोन करून विचारले, माल उतरवला त्या दिवशीचे चलन आहे का? त्यांच्याकडे गोदामाचा शिक्का व सही असलेली प्रत होती. ती कोणी त्यांच्याकडे मागितलीच नव्हती. मी ती मागवली, गोदामाला पाठवली. तेथे कळले की, त्या दिवशी माल उतरवून सही झाली, पण संगणकावर नोंद करायची राहून गेली. नोंद झाली, तीन कागद जुळले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पैसे गेले. छापखान्यात सहा माणसे कामाला आहेत. दोन महिने त्यांचा पगार काकांनी उसनवारीवर भागवला होता, असे त्यांनी नंतर सांगितले.

यात माझा पराक्रम काही नाही. ज्याने त्याने आपापले काम केले होते. मधला प्रश्न विचारणे हे कोणाचेच काम नव्हते, एवढेच. आणखी एक गोष्ट मला शिकायला मिळाली. उशीर झाल्यास लहान उद्योगाला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज मागण्याचा हक्क त्याच २००६ च्या कायद्याने दिला आहे. मी काकांना तसे सांगितले. ते हसून म्हणाले, “बाळ, व्याज मागितलं तर पुढचं काम मिळेल का?” गप्प राहण्याचे कारण त्यांचेही तेच होते, जे पप्पांचे होते.

नाव, गाव आणि भाषा

जेवणाच्या सुटीत एकदा एका सहकाऱ्याने आडनाव विचारले, मग गाव विचारले, मग “नायगावला कुठे?” असे विचारले. पहिल्यांदा मी “दादरला राहते” असे म्हणून वेळ मारून नेली. त्या दिवशी दुपारभर कामात लक्ष लागले नाही. पुढच्या वेळी मी सरळ सांगितले. एक जण जरा गप्प झाला. दुसरीने आपली आजीही गिरणी कामगाराची मुलगी असल्याचे सांगितले आणि तिच्याशी माझी मैत्री झाली. काहींचा प्रश्न सहज असतो, काहींचा तसा नसतो. परंतु आपण लपवू लागलो की दोन्हींत फरक करता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

भाषेचेही सांगितले पाहिजे. बैठका इंग्रजीत चालत. वाचलेले कळे, पण भरभर बोललेले निसटे. मी एक छोटी वही केली आणि ऐकलेला प्रत्येक नवा शब्द त्यात टिपू लागले. त्यातील काही असे:

एजिंग : कोणते बिल किती दिवस थकले याचा तक्ता.
रिकन्सिलिएशन : दोन ठिकाणचे हिशेब ताडून फरक शोधणे.
प्रोव्हिजन : खर्च झाला, पण बिल आले नाही, त्यासाठी केलेली तरतूद.
एस्कलेट करणे : आपल्याकडून न सुटलेला प्रश्न वरिष्ठांकडे नेणे.
ईओडी : कामाचा दिवस संपण्यापूर्वी.

आठ आठवड्यांत वहीत शंभरावर शब्द जमले. यांतील बहुतेक शब्द कठीण नाहीत. ते फक्त आपल्या घरात बोलले जात नाहीत.

विद्यार्थ्यांनी माहीत करून घ्यावयाच्या गोष्टी

इंटर्न आणि ॲप्रेंटिस यांत फरक आहे. ॲप्रेंटिसला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे संरक्षण असते. त्याचा करार नोंदला जातो आणि ठरलेल्या किमान दरापेक्षा कमी विद्यावेतन देता येत नाही. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे नियमाने बंधनकारक आहे. पदवीधर व पदविकाधारकांसाठी राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना आहे. तिचे पश्चिम विभागाचे मंडळ आपल्या मुंबईतच शीव येथे आहे. उन्हाळी इंटर्नला असा स्वतंत्र कायदा नाही. त्याच्या हाती जे पत्र दिले जाते तेच त्याचे संरक्षण. म्हणून ते पत्र पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये.

२०२४ मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू केली. त्या वेळच्या नियमांप्रमाणे २१ ते २४ वयाच्या, पूर्णवेळ शिक्षण वा नोकरी न करणाऱ्या तरुणांसाठी मोठ्या कंपन्यांत बारा महिने, दरमहा पाच हजार रुपये व एकदाच सहा हजार रुपये अशी मदत होती. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी उत्तीर्णांना सहा, आयटीआय व पदविकाधारकांना आठ आणि पदवीधरांना दहा हजार रुपये दरमहा विद्यावेतन ठरवले होते. योजनांचे नियम बदलत असतात. अर्ज करताना त्या दिवशीचा नियम पाहावा.

मुलींसाठी एक सूचना. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी व शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. समितीवर कोण आहे हे पहिल्या आठवड्यातच विचारून ठेवावे. तशी वेळ येऊ नये, पण माहिती असावी.

माझ्या अनुभवावरून काही धडे

१) काम सांगितले की ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावे. ‘मी असे असे करणार आहे, बरोबर ना?’ एवढे म्हटले की अर्ध्या चुका तेथेच थांबतात.

२) आधी स्वतः अर्धा तास शोधावे. तरीही कळले नाही तर त्याच दिवशी विचारावे. दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

३) जे जमले नाही, जे वगळले, ते कामाच्या शेवटी लिहून द्यावे. लपवलेली अकरा बिले चूक ठरतात. लिहून दिलेली अकरा बिले माहिती ठरतात.

४) रोज संध्याकाळी पाच ओळी लिहाव्यात: आज काय केले, काय शिकले, कोणाला काय विचारले. शेवटी प्रकल्प अहवाल लिहिताना तीच वही उपयोगी पडते.

५) शिपाई, सुरक्षारक्षक, गोदामातील माणसे यांच्याशी आदराने बोलावे. छापखान्याचे बिल गोदामातील ज्या दादांनी शोधून दिले, त्यांचे पद माझ्याएवढेच लहान होते.

६) पैशाचा हिशेब आधी करावा. माझा स्टायपेंड जुलैअखेर एकदम मिळाला. तोपर्यंतचे जेवण-खर्चाचे पैसे घरातून गेले.

७) प्रमाणपत्र, कामाचे स्वरूप व कालावधी लेखी मागून घ्यावा. संकोच करू नये.

शेवटी मला तेथे नोकरी मिळाली का, असे पुष्कळ जण विचारतात. नाही मिळाली. कायम भरती ती कंपनी ठरावीक संस्थांतूनच करते, असे मला सांगण्यात आले. वाईट वाटले. परंतु पदवीनंतर एका लहान लेखापाल कार्यालयात मी मुलाखतीला गेले, तेव्हा तीन कागदांच्या जुळणीबद्दल विचारले गेले आणि मला उत्तर पाठ करावे लागले नाही. आज मी तेथेच काम करते. भावाची फी मी भरते आणि आईची भिशी वेळेवर जाते.

संस्थेला नम्र विनंती

आपल्या सभासदांत बँक, आयुर्विमा, रेल्वे, बेस्ट, महानगरपालिका, खाजगी कंपन्या अशा अनेक ठिकाणी नोकरी करणारे व निवृत्त झालेले बंधू-भगिनी आहेत. ज्यांच्या घरात कचेरीचा वारसा नाही अशा मुलांचे घर आपण सर्वांनी मिळून व्हावे, असे मला वाटते. त्यासाठी फार खर्च नाही.

पहिले, नोकरदार सभासदांची खात्यानुसार यादी करून संस्थेच्या कार्यालयात ठेवावी, म्हणजे ‘हे कोणाला विचारू?’ याचे उत्तर विद्यार्थ्याला मिळेल. दुसरे, दर वर्षी मार्च महिन्यात एक संध्याकाळ यासाठी ठेवावी: अर्ज कसा लिहावा, मुलाखत कशी असते, पहिल्या दिवशी काय करावे. तिसरे, स्टायपेंड हाती येईपर्यंत प्रवास व जेवणासाठी दोन-तीन हजारांची बिनव्याजी उचल देता आली, तर कोणाच्या आईला भिशीचा नंबर आधी मागावा लागणार नाही. स्टायपेंड मिळाला की विद्यार्थी ती परत करील. चौथे, जो विद्यार्थी इंटर्नशिप करून येईल त्याने पुढच्या तुकडीसमोर आपल्या चुका सांगाव्यात. यशाची भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. चुका ऐकल्या तर मागच्याला त्या टाळता येतात. मार्चच्या त्या संध्याकाळसाठी माझे नाव आजच लिहून घ्यावे. माझी शब्दांची वही मी सोबत आणीन.

शेवटी पालकांना एक सांगणे. मुलगा किंवा मुलगी घरी प्रश्न विचारते तेव्हा तिला गप्प बसवू नका. कचेरीत जाऊन विचारण्याचा सराव घरातूनच सुरू होतो. त्या रात्री पप्पांनी माझी वही उघडून पहिला शब्द वाचला आणि विचारले, “एजिंग म्हणजे नक्की काय गं?” मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले. त्यांतल्या एकाचे उत्तर मला आले नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्याबरोबर मी ते विचारले.